पाय भरून येतात तेव्हा

माझा भाचा डेन्व्हरला असतो. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर त्याच्याकडे राहिले. शनिवारी पहाटे तो डोंगरात धावायला जायचा आणि आदल्या रात्रीच ओट्यावर त्याची तयारी मांडलेली असायची: पाण्याच्या दोन बाटल्या, खजूर, मिठाच्या गोळ्या, मांड्या घासू नयेत म्हणून लावायचं मलम आणि एक लहानशी डबी. डबीत साखरेत घोळवलेल्या जेलीच्या चौकोनी वड्या होत्या. मी एक उचलली तशी तो म्हणाला, "मावशी, ती नको खाऊस. त्यात गांजा आहे."

मग त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. निघण्याआधी अर्धी वडी, म्हणजे पाच मिलिग्रॅम. रात्री झोपताना एक पूर्ण. त्यामुळे तीस किलोमीटर धावूनही पाय तितके भरून येत नाहीत, झोप चटकन लागते आणि धावताना मन रमतं. कोलोरॅडोत हे सगळं कायद्याने चालतं. २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१४ पासून परवानाधारक दुकानं उघडली. गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. एका वडीत ते दहा मिलिग्रॅमहून जास्त घालता येत नाही. वेष्टण लहान मुलांना उघडता येऊ नये असं बनवावं लागतं. लपवण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. "तूच सांग, यात वाईट काय आहे?" त्याने विचारलं. वाद घालायला नाही, खरंच विचारलं. मी म्हणाले, विचार करून सांगते.

कोल्हापुरात वाढलेल्या माझ्यासारखीच्या मनात 'गांजा' म्हटलं की चिलीम येते, देवळामागचा कट्टा येतो, गल्लीतला एखादा वाया गेलेला मुलगा येतो. पण मनात उठणारी शिसारी हा काही मुद्दा होत नाही. मॅरेथॉन संपल्यावर बिअरचा ग्लास हातात घेऊन काढलेले फोटो मी कौतुकाने पाहते आणि जेलीच्या वडीने दचकते, यात विचार कमी आणि सवय जास्त. तेव्हा ती सवय बाजूला ठेवून भाच्याचे तीन दावे एकेक करून पाहायचं मी ठरवलं.

आधी मन रमण्याचं. हा दावा खोटा नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये, गांजा कायदेशीर असलेल्या राज्यांतल्या सुमारे सहाशे गांजा घेणाऱ्यांना विचारलं. दहांतले आठ जण व्यायामाच्या थोडं आधी किंवा लगेच नंतर तो घेत होते. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांना व्यायाम जास्त आवडीचा वाटत होता, शीण लवकर उतरतो असं म्हणणारे त्याहूनही जास्त होते. कामगिरी सुधारते असं म्हणणारे मात्र चाळीस टक्क्यांच्या आतच. अर्थात ज्यांना विचारलं ते सगळे आधीपासूनच गांजा घेणारे होते. आवडत नसतं तर त्यांनी तो केव्हाच सोडला असता. पुढे २०२३ मध्ये याच विद्यापीठातल्या गटाने ४२ जणांना ट्रेडमिलवर धावायला लावलं, एकदा काही न घेता आणि एकदा गांजा घेऊन. केंद्राचा कायदा आड येतो म्हणून माल ज्याने त्याने दुकानातून आणायचा आणि घरीच घ्यायचा. निकाल असा, की गांजा घेऊन धावताना मजा जास्त वाटली. पण ज्यांच्या मालात टीएचसी जास्त होतं, त्यांना तोच वेग अधिक कष्टाचा वाटला.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. मजा वाढली आणि कष्टही वाढले. शरीराकडून पाहिलं तर त्यात नवल नाही. टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतात, बसल्या जागीसुद्धा. म्हणजे धावायला सुरुवात होण्याआधीच हृदय अर्ध्या वाटेवर पोचलेलं असतं. सायकलवर बसवून घेतलेल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या चाचण्यांतही गांजा ओढल्यावर शरीराची जास्तीत जास्त काम करण्याची ताकद घटलेलीच दिसली. १९७४ मधल्या एका प्रयोगात छातीत कळ येणाऱ्या हृदयरुग्णांना एक गांजाची सिगारेट ओढायला दिली, तर कळ येईपर्यंतचा त्यांचा व्यायामाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. माझ्या वयाच्या, पन्नाशीनंतर धावायला लागलेल्या मंडळींनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी. आपल्या हृदयात काय दडलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

या मजेची दुसरी बाजू मला त्याहून महत्त्वाची वाटते. लांब धावल्यावर चाळीस-पन्नास मिनिटांनी एक हलकेपणा येतो. चिंता विरते, पाय आपोआप पडतात, रस्ता आपलासा वाटतो. वर्षानुवर्षं याचं श्रेय एंडॉर्फिनला दिलं जायचं. २०२१ मध्ये जर्मनीत ६३ जणांवर प्रयोग झाला. एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन त्यांना धावायला लावलं, तरी तो हलकेपणा आलाच. याआधी उंदरांवर नेमकी उलट बाजू तपासली गेली होती: गांजासारखं काम करणारी जी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं, त्यांची दारं बंद केली की धावणाऱ्या उंदरांची चिंता कमी होत नव्हती. त्या द्रव्यांतलं पहिलं सापडलं १९९२ मध्ये, जेरुसलेममध्ये, राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत, डुकराच्या मेंदूतून. याच मेशुलाम यांनी १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्याबरोबर गांज्यातलं टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं होतं. नव्या द्रव्याला नाव दिलं अनंडमाइड, आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून. माणूस धावला की रक्तातलं हे द्रव्य वाढतं. कुत्रा धावला तरी वाढतं. फेरेट नावाचा, मुंगसासारखा दिसणारा प्राणी धावला तर वाढत नाही, कारण लांब पल्ला धावणं त्याच्या जातीचं कामच नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. लाखो वर्षं मैलोन्‌मैल पायपीट करणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी शरीराने ही सोय केली आहे. ती श्रमातून येते आणि श्रमाच्या मानाने येते.

बाहेरून आलेलं टीएचसी याच दारांवर थाप मारतं, पण जोरात आणि बराच वेळ. रोज थाप पडली की मेंदू काही दारं काढून घेतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत बाह्य भागातल्या या दारांची संख्या सुमारे वीस टक्क्यांनी कमी दिसली. चारेक आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ती बरीच भरून आली. यावरून मी जो तर्क करते तो असा: जो रोज रात्री वडी घेतो, त्याला सकाळच्या धावण्यातून मिळणारा स्वतःचा आनंद थोडा फिका लागत असणार. मग तो म्हणतो, वडीशिवाय धावण्यात पूर्वीसारखं मन रमत नाही, आणि ते खरंच असतं.

दुसरा दावा पाय भरून न येण्याचा. या दाव्यापाशी मला जास्त थांबायचं आहे, कारण सगळा व्यापार इथेच उभा आहे. 'रिकव्हरी' या शब्दाला आपल्याकडे साधा पर्याय आहे: शीण उतरणं. पण शीण उतरणं आणि शीण न जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाजारात दुसरी वस्तू पहिलीच्या नावाने विकली जाते.

माझे वडील साठच्या दशकात कोल्हापूरच्या एका तालमीत होते. पहाटे जोर-बैठका, मग मातीत झटापट, मग मालीश आणि थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, वेलची, काळी मिरी कुंडीत घोटून दुधात मिसळायची. त्यांच्या तालमीतल्या थंडाईत भांग नसायची, वस्तादांना ती खपायची नाही. मैदान मारून आलेल्या पैलवानाला वस्ताद दुसऱ्या दिवशी समोर बसवायचे आणि अंगठ्याने त्याची पोटरी दाबायचे. पैलवानाचा चेहरा बघायचे. त्या चेहऱ्यावरून ठरायचं, आज आखाड्यात उतरायचं की नुसतं झोपायचं. वडील सांगायचे, कितीही दात-ओठ आवळले तरी वस्तादांपासून दुखणं लपायचं नाही. आणि लपवण्यात शहाणपण आहे असं कुणाला वाटायचंही नाही. दुखणं ही खबर होती, आणि तिच्यावरून खुराक, झोप नि मेहनत ठरायची.

आज शरीरशास्त्र जवळपास हेच सांगतं. उतारावरून धावलं किंवा जड वजन सावकाश खाली आणलं की स्नायूंचे धागे बारीक-बारीक तुटतात. चोवीस ते बहात्तर तासांत अंग सर्वांत जास्त आंबतं. सूज येते, दुरुस्तीच्या पेशी येतात, धागे पूर्वीपेक्षा थोडे भक्कम होऊन जुळतात. सूज आणि दुखणं हे या कामाचेच भाग आहेत. म्हणून ते दाबून टाकण्याचे उपाय अनेकदा अंगाशी येतात. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत धावणाऱ्यांचा अभ्यास झाला. आयबुप्रोफेन घेऊन धावणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा कमी दुखावले नव्हते, दुखणंही कमी नव्हतं, उलट रक्तातल्या सुजेच्या खुणा जास्तच होत्या. स्वीडनमध्ये तरुणांना आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन देऊन वजनं उचलायला लावली, तर त्यांचे स्नायू कमी वाढले. साधी दुकानात मिळणारी गोळी असं करू शकते, तर गांजाने 'दुरुस्ती लवकर होते' हे कुणी पुराव्यावाचून सांगितलं तर मी का मानावं? गांजाने दुखण्याकडे बघण्याची नजर बदलते, हे मी मानते. दुखणं तिथेच असतं, त्याचा त्रास कमी होतो. कर्करोगाच्या किंवा मज्जातंतूंच्या जुनाट दुखण्यात हे मोठं देणं आहे. धावणाऱ्याच्या पोटरीत मात्र ती खबर पोचवणाऱ्याचं तोंड बंद करणं आहे.

इथे सीबीडीचं नाव निघतंच. गांज्यातलं हे दुसरं द्रव्य नशा आणत नाही, म्हणून तेल, मलम, वड्या, सरबतं अशा शंभर रूपांत ते खेळाडूंना विकलं जातं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, २०१८ पासून सीबीडीला बंदीच्या यादीतून वगळलं आणि या व्यापाराला भरती आली. अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांवर शुद्ध सीबीडीचं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि ते खरंच काम करतं. पण तिथे मात्रा रुग्णाच्या वजनाप्रमाणे शेकडो मिलिग्रॅमची असते, दुकानातल्या वडीत दहा-पंचवीस. अंग आंबण्यावर सीबीडीचे जे छोटे प्रयोग झाले, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय बाटलीत काय आहे याचाही भरवसा नाही. २०१७ मध्ये इंटरनेटवरून घेतलेली ८४ उत्पादनं तपासली, तर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी बाटल्यांत लिहिल्याइतकं सीबीडी होतं, आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. ज्याची लघवी तपासली जाणार आहे अशा खेळाडूने या बाटल्यांवर विश्वास ठेवणं म्हणजे आपली कारकीर्द अनोळखी माणसाच्या हाती देणं.

तिसरा दावा झोपेचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण शीण खऱ्या अर्थाने झोपेतच उतरतो. टीएचसीने झोप लवकर लागते हे खरं. पण रोज घेतलं की काही आठवड्यांत तेवढ्याच वडीने ती लागेनाशी होते. ज्या टप्प्यात आपण स्वप्नं बघतो, तो टप्पाही टीएचसीने आखडतो. बरीच वर्षं रोज घेणारे लोक सांगतात, आम्हाला स्वप्नं पडतच नाहीत. सोडल्यावर पहिले काही दिवस झोप उडते, चिडचिड होते, आणि मग स्वप्नांचा पूर येतो, अगदी ठळक, विचित्र. अंगाला इतके दिवस जे मिळालं नव्हतं, ते ते भरभरून घेतं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर थोडंथोडं सांगत होते. तो ऐकत होता आणि अडवतही होता. त्याचा एक प्रश्न मला बराच काळ सुटला नाही. तो म्हणाला, "मावशी, मी आठवड्याला पन्नास तास काम करतो. मग शनिवारी तीस किलोमीटर, रविवारी पंधरा, सोमवारी सकाळी आठला मीटिंग. वस्तादांसारखं 'आज झोप' असं मला कोण म्हणणार?"

या प्रश्नाचा धागा मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या भांग-गांजा-चरसाची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला, की बेताने घेतल्यास याने फारसं नुकसान होत नाही, बंदी घालू नये. गांजाच्या समर्थनासाठी आज या अहवालाचा दाखला जगभर दिला जातो. पण त्याच अहवालात एक यादी आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फार कष्टाच्या वेळी हे द्रव्य कोण घेतं? मल्ल, वादक, पालखीचे भोई, हमाल, पाणबुडे आणि टपाल घेऊन धावणारे हरकारे. म्हणजे व्यायाम आणि गांजा यांची जोडी डेन्व्हरला जन्मली नाही. ती आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर नोंदवलेली आहे. त्यातला मल्ल सोडला तर बाकी कुणालाही 'आज पाय भरून आलेत, उद्या येतो' असं म्हणायची मुभा नव्हती. भोयाला पालखी उचलायचीच होती. हरकाऱ्याला पुढच्या चौकीपर्यंत धावायचंच होतं. ज्याला विश्रांती मिळत नाही, तो विश्रांतीच्या जागी काहीतरी घेतो. गांजा त्या जागेवर बसला, कारण ती जागा रिकामी ठेवली गेली होती.

हे लक्षात आल्यावर मला अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांची हकिगतही वेगळी दिसू लागली. तिथल्या फुटबॉलपटूंनी, म्हणजे एकमेकांवर धडकण्याचा जो फुटबॉल आहे त्याच्या खेळाडूंनी, वर्षानुवर्षं मागणी केली की आम्हाला गांजा घेऊ द्या. त्यांची बाजू मला पटते. दुखण्यावर संघाचे डॉक्टर जी वेदनाशामकं देत होते, त्यांत अफूच्या जातीच्या गोळ्या होत्या. त्यांबद्दल माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये लीगवर खटला भरला. अफूच्या गोळ्यांनी अमेरिकेत काय हाहाकार केला हे जगाला ठाऊक आहे. त्या गोळीऐवजी गांजा घेऊ द्या असं एखादा पंचविशीतला जायबंदी खेळाडू म्हणत असेल तर त्याला नैतिकतेचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या जागी मीही तेच मागितलं असतं. मार्च २०२० मध्ये लीग आणि खेळाडू यांच्यात नवा करार झाला. गांजा सापडल्यावर खेळण्याची बंदी घालणं बंद झालं, लघवीतली मर्यादा ३५ नॅनोग्रॅमवरून १५० वर गेली. आणि याच करारात हंगामातले सामने १६ वरून १७ करण्याची मुभा मालकांना मिळाली. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ते १७ झाले. रविवारी खेळून पुन्हा गुरुवारी उतरावं लागणारे सामने होतेच, तेही राहिले. बास्केटबॉलच्या लीगने २०२३ मध्ये गांजाची चाचणी काढून टाकली. हंगामातले ८२ सामने मात्र ८२च आहेत.

या व्यवहारात सूट खेळाडूला मिळाली आणि सामना मालकाला. दुखणं सहन करायची परवानगी दिली, दुखणं कमी करायची तयारी नव्हती. भोयाला चिलीम दिली आणि पालखीत अजून एक माणूस बसवला. मला गांजाबद्दल राग येत नाही, याचा येतो.

म्हणूनच खेळाडूला शिक्षा करण्याच्या मी पूर्णपणे विरुद्ध आहे. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या युजीन शहरात ऑलिंपिक निवड चाचणीत शकॅरी रिचर्डसन हिने शंभर मीटरची शर्यत १०.८६ सेकंदांत जिंकली. त्या दिवसांत, मुलाखतीला आलेल्या एका पत्रकाराच्या तोंडून तिला तिची जन्मदाती आई गेल्याचं कळलं होतं. ती सैरभैर झाली आणि तिने गांजा घेतला, ज्या ओरेगॉन राज्यात तो कायदेशीर आहे तिथे. चाचणीत तो सापडला, एक महिन्याची बंदी आली, निकाल रद्द झाला आणि टोकियो हुकलं. एकवीस वर्षांच्या मुलीने आईच्या दुःखात जे केलं, त्याने तिच्या पायांना वेग आला असं एकही शरीरशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. दोन वर्षांनी बुडापेस्टला ती १०.६५ सेकंदांत जगज्जेती झाली, याने टोकियोची भरपाई होत नाही.

वाडाची कसोटी अशी आहे, की एखादं द्रव्य कामगिरी वाढवतं, आरोग्याला धोका देतं, किंवा खेळाच्या भावनेला बाधा आणतं; या तीनपैकी दोन गोष्टी लागू पडल्या की ते यादीत जाऊ शकतं. गांजाच्या बाबतीत २०२२ मध्ये पुन्हा विचार झाला आणि बंदी कायम राहिली, आधार मुख्यतः आरोग्याचा आणि खेळाच्या भावनेचा. ही 'भावना' मोठी लवचीक वस्तू आहे. १९९८ मध्ये नागानोला कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटी याने स्नोबोर्डिंगमध्ये सुवर्णपदक मिळवलं, लघवीत १७.८ नॅनोग्रॅम सापडले, पदक काढून घेतलं आणि मग नियमात ती बंदी धड नव्हतीच म्हणून परत दिलं. २०१३ पर्यंत वाडाची मर्यादा १५ नॅनोग्रॅम होती, त्यानंतर १५०. म्हणजे २०१२ मध्ये शंभर नॅनोग्रॅमवाला गुन्हेगार, २०१४ मध्ये तोच निर्दोष. बंदी फक्त स्पर्धेच्या काळापुरती आहे आणि टीएचसी तर चरबीत साठून दिवसेंदिवस बाहेर पडत राहतं. सिडनीतल्या एका प्रयोगात रोज गांजा घेणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटं सायकल चालवायला लावली, तर चरबीतून सुटलेलं टीएचसी रक्तात किंचित वाढलेलं दिसलं. आरोग्याचीच काळजी असेल तर खेळाडूला डॉक्टर द्या, समुपदेशक द्या. चार वर्षांची मेहनत एका बाटलीवर रद्द करणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. गांजा यादीतून काढावा असं माझं मत आहे, आणि 'गांजाने शीण उतरतो' हे कुणी मानू नये असंही माझं मत आहे. या दोन मतांत मला विरोध दिसत नाही.

आपल्याकडच्या मुलामुलींसाठी मात्र वेगळं बोलायला हवं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. पानं त्यात येत नाहीत. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प' धरला जातो, पण त्यासाठीही एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. महाराष्ट्रात तर भांगही परवान्याशिवाय बाळगता येत नाही, तो नियम १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा. पानांच्या अर्काला आयुर्वेदात 'विजया' म्हणतात आणि वैद्याच्या चिठ्ठीवर त्याची औषधं मिळतात. अलीकडे झोप, सांधेदुखी, व्यायामानंतरचा शीण यांवर त्यांची जाहिरात होते. या अर्कात टीएचसी असू शकतं. जिल्हा, राज्य पातळीवर खेळणाऱ्या एखाद्या मुलीने गावच्या वैद्यावर विश्वास ठेवून ते घेतलं, तर नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत ते आयुर्वेदिक आहे की डेन्व्हरचं आहे हे कुणी विचारणार नाही. डेन्व्हरच्या पगारदार तरुणाला जी गोष्ट शनिवारची मौज, ती इथल्या मुलीला नोकरीच्या खेळाडू कोट्यातून कायमचं बाहेर फेकू शकते. प्रशिक्षकांनी हे सरावाच्या पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, भीती घालून नव्हे, नीट समजावून.

ऑक्टोबरमध्ये भाच्याची उजवी नडगी दुखायला लागली. तीन आठवडे तो तसाच धावला. मग रात्री पाय टेकवेना, तेव्हा तपासलं. हाडात केसाएवढी चीर निघाली. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं. वडीमुळे दुखणं कळलं नाही का, असं मी विचारलं नाही. त्याने स्वतःच विषय काढला. म्हणाला, नक्की सांगता येणार नाही, पण रात्री दुखायचं आणि सकाळी आठवायचं नाही. धावणं बंदच आहे तर वड्याही बंद करून बघतो, असं तो म्हणाला. पहिला आठवडा वाईट गेला. रात्री तीनला जागा व्हायचा, ऑफिसात कुणाशी धड बोलायचा नाही. मी रोज फोन करत होते.

बाराव्या दिवशी त्याचाच फोन आला, त्याच्या पहाटे पाचला, आपल्याकडे संध्याकाळ होती. आवाज झोपेतला होता. "मावशी, आजी आली होती स्वप्नात," तो म्हणाला. "तीन वर्षांत पहिल्यांदा. मी बूट घालून आत आलो म्हणून रागावत होती. मग तिने मला ओसरीवर बसवलं आणि बूट स्वतः काढले." बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्याने विचारलं, आजीच्या घराची ओसरी शेणाने सारवलेली होती की शहाबादी फरशीची, त्याला स्वप्नात नीट दिसली नव्हती. मी म्हणाले, आधी शेणाची, तू चार वर्षांचा असताना फरशी बसवली.